कागद कुणाचा?

आमच्या घरात कपकेक कापून खाल्ला जायचा. यात विचित्र काय, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी अख्खा कपकेक एकट्याने कधी खाल्लेला नसावा. ती मुळात एकट्याने खायची वस्तू. तिला सुरी लागत नाही, ताटली लागत नाही, "मला किती आलं" हा प्रश्न लागत नाही. मुठीत धरायचा, कागद सोलायचा, चार घासांत संपवायचा. पण बाबा पगाराच्या दिवशी एकच कपकेक आणायचे आणि खाणारे होतो चौघं.

बाबा टर्नर होते, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, उभं आयुष्य गेलेलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी रोजची उठबस. त्यामुळे कपकेकचे चार भाग म्हणजे चार भाग. आधी कागद न फाडता सोलायचा, मग वरच्या क्रीमवर सुरीच्या टोकाने अधिक चिन्हाची खूण करायची, मग सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दोन घाव. आई म्हणायची, "अहो, केक आहे तो, लेथवरचा जॉब नाही." बाबा काही बोलायचे नाहीत. सुरी पुन्हा पुसायचे.

चेरी कापायची नाही असा नियम होता. ती पाळीने मिळायची. आणि कागदही पाळीने. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, कारण त्याच्या लेखी कागद म्हणजे कचरा. पण कपकेक सोलताना कागदाच्या चुण्याचुण्यांत केकचा एक पातळ, तपकिरी, किंचित चिवट थर अडकून राहतो. साच्याला टेकून भाजलेला, साखर जराशी करपायच्या बेतात आलेला. तो कागद दातांत धरून, खालच्या दातांनी एकेक चुणी खरवडत गेलं की जे हाती लागतं ते केकपेक्षा चांगलं असतं. माझं हे मत आजही कायम आहे. महिना उलटला की पाळी कुणाची हे कुणालाच धड आठवायचं नाही, म्हणजे मला आणि ताईला वेगवेगळं आठवायचं. "कागद कुणाचा?" हे आमच्या भांडणाचं पहिलं वाक्य असायचं आणि बऱ्याचदा शेवटचंही.

अशाच एका हरलेल्या भांडणानंतर ताईने दोन्ही हात फाकवून जाहीर केलं होतं, "मोठी झाले की मी एवढा मोठा कपकेक घेणार, आणि कुणालाही देणार नाही." ती नऊ वर्षांची होती. यंदा पन्नास पूर्ण झाली. हात फाकवल्याचं ती विसरली असेल, मी विसरलो नव्हतो.

आईला बेत सांगितला तेव्हा तिने पहिलाच प्रश्न मोक्याचा विचारला. "एवढाच करायचा तर सरळ गोल केक कर की. कपच नाही तर कपकेक कसला?"

खरंच, हे नाव वस्तूला तिच्या भांड्यावरून मिळालं आहे. 1796 साली अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे 1828 मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात 'कप केक' हे नावच येतं. त्या काळात कप या शब्दाचे दोन अर्थ होते: एक, ज्यात भाजायचं तो कप, आणि दुसरा, ज्याने मापायचं तो कप. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी, असं पाठ करायला सोपं प्रमाणही त्यातूनच रूढ झालं. कुठल्याही अर्थाने घ्या, कप म्हणजे लहान. मी जे करायला निघालो होतो त्यात भांडं वीस सेंटिमीटर रुंदीचं होतं. आईला मी म्हटलं, गोल केक कुणीही करेल. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणतेय."

साचा मिळतो. दोन सुटे भाग असतात: खालचा चुण्याचुण्यांचा, कागदी वाटीसारखा, आणि वरचा क्रीमच्या वेटोळ्यासारखा, टोकाला निमुळता. दोन्ही वेगवेगळे भाजायचे, मग एकावर एक ठेवायचे. मी घेतला तो सिलिकॉनचा, गुलाबी, हातात धरला की लिबलिबणारा. बाबांनी तो उचलून दाबून पाहिला, वाकवला, सोडला. "याला काही कणाच नाही," म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. मी ते टोमणा म्हणून घेतलं. तो तांत्रिक अभिप्राय होता हे नंतर कळलं.

पहिला प्रयत्न मी गुणाकाराने केला. आमचा नेहमीचा कपकेक वरून सात सेंटिमीटर रुंद, साचा त्याच्या साधारण तिप्पट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही तिप्पट म्हणजे आकारमान सत्तावीस पट. एका कपकेकला पंचावन्न ग्रॅम मिश्रण लागतं, म्हणजे इथे दीड किलोच्या आसपास. एवढं गणित बरोबर आलं आणि मी खूश झालो. कृती तीच हलक्या फुसफुशीत कपकेकची, ओव्हन तोच 180 अंशांवर. वेळ मात्र अंदाजाने वाढवली. वीस मिनिटांच्या जागी पंचेचाळीस.

चाळिसाव्या मिनिटाला घरभर जो वास सुटला त्यावर कुणीही फसलं असतं. वरचा रंग गडद बदामी. मधोमध एक फुगवटा आलेला आणि त्याला तडा गेलेला, ज्वालामुखीच्या तोंडासारखा. टूथपिक घातली, कोरडी आली. टूथपिक सहा सेंटिमीटरची आणि केकची खोली नऊ, हे मला तेव्हा सुचलं नाही. थंड केला, साच्यातून काढला, अलगद उलटा ठेवला, आणि बघता बघता तो एका बाजूला खचायला लागला. कापला तर आत मुठीएवढं पिवळं, चकचकीत, वाहतं मिश्रण. त्याच्याभोवती बोटभर चिकट ओला थर. त्याच्याभोवती दोन बोटं उत्तम केक. आणि सर्वांत बाहेर बिस्किटासारखं कडक कवच. एकाच केकमध्ये कच्च्यापासून करपलेल्यापर्यंतच्या सगळ्या अवस्था क्रमवार लावलेल्या. प्रदर्शनात ठेवावा असा.

बाबा येऊन बघून गेले. थोड्या वेळाने पेन्सिल आणि जुन्या पाकिटाचा कागद घेऊन परत आले. खरं तर त्या क्षणापासून हा केक आमचा दोघांचा झाला, हे मला मान्य केलं पाहिजे.

"तू आकारमान मोजलंस," ते म्हणाले. "उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातून. तो किती वाढला?"

नऊ पट. माल सत्तावीस पट आणि उष्णता आत यायची दारं नऊच पट. म्हणजे दर ग्रॅमच्या वाट्याला आलेला पृष्ठभाग एक तृतीयांश. त्यातही मेख अशी की उष्णता केकमधून फार आळशीपणे सरकते, आणि तिला मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतराच्या नव्हे, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट, तिप्पट केली की नऊपट. अख्खा कपकेक एकाच भांड्यात तिप्पट करून भाजला असता तर वीस मिनिटांचे तीन तास झाले असते, आणि तोवर बाहेरचा भाग कोळसा. साचा दोन भागांत का असतो, याचं उत्तर इथे आहे. मला वाटायचं ती केवळ साचा बनवणाऱ्यांची सोय. पण दोन भाग केल्याने खालच्या भागाची खोली नऊ सेंटिमीटरवर येते, म्हणजे आमच्या साडेचार सेंटिमीटरच्या कपकेकच्या दुप्पट. दुप्पट म्हणजे चौपट वेळ. बाबांनी पाकिटावर लिहिलं: 80 मिनिटं. खाली दोन रेघा मारल्या, लेथवर जॉब लावताना माप लिहून मारत असावेत तशा.

गॅलिलिओचं 1638 सालचं पुस्तक पडत्या वस्तूंच्या गतीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यातच एक गमतीचं चित्र आहे: एक साधं हाड आणि शेजारी त्याच्या तिप्पट लांबीचं दुसरं. दुसरं नुसतं तिप्पट नाही, बेढब जाड आहे. कारण वजन घनाने वाढतं आणि हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गाने. राक्षस जर माणसाच्याच प्रमाणात रेखला तर स्वतःच्या वजनाने कोसळेल. माझा पहिला कपकेक एका बाजूला खचला तेव्हा हेच घडत होतं. हलका फुसफुशीत केक स्वतःच्या पंचावन्न ग्रॅमना उचलून धरतो, दीड किलोला नाही. तिप्पट हाड, तिप्पट कपकेक. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस आकडासुद्धा तोच निवडून बसला होता.

दुसऱ्या खेपेला म्हणून कृतीच बदलली. पाउंड केक: लोणी, साखर, अंडी, मैदा, चारही समान वजनाचे. पूर्वी प्रत्येकी एक पाउंड घेत, म्हणून हे नाव. मी प्रत्येकी साडेतीनशे ग्रॅम घेतले, म्हणजे सात अंडी, वर थोडं दूध. बेकिंग पावडर वाढवण्याऐवजी पिठाच्या मानाने कमी केली. मोठ्या केकला फुगण्यापेक्षा टिकून राहणं महत्त्वाचं असतं. फार फुगवलं की मध्यावर भिंती पातळ होतात आणि केक बसतो. (बेकिंग पावडरचा एक किस्सा मला आवडतो. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्याने 1843 मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी पावडर शोधली. त्याआधी तिला अंडी चालत नाहीत म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून झालं होतं. नवरा असावा तर असा, असं आई म्हणाली. बाबा पाकिटावर काहीतरी लिहीत राहिले.)

सिलिकॉन रद्द. ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं. बाबांच्या 'कणा नाही'चा अर्थ एवढा मोठा होता. धातूचा साचा आणला. ओव्हन 160 वर, म्हणजे बाहेरचं कवच उशिरा घट्ट होईल आणि आतल्याला फुगायला सवड मिळेल. कवच आधी तयार झालं की आतला उशिरा फुगणारा भाग ते फोडून बाहेर येतो. ज्वालामुखीचं कारण तेच. साच्याभोवती ओल्या सुती कापडाची पट्टी, फॉइलमध्ये गुंडाळून. कापडात पाणी आहे तोवर ती कड शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आणि मधोमध एक खिळा. आयसिंगची फुलं वळताना वापरतात तो चपट्या डोक्याचा स्टीलचा खिळा, लोणी लावून, डोकं तळाला टेकवून उलटा उभा केलेला. तो बाहेरची उष्णता पोटात नेतो. बाबांना स्टील पसंत नव्हतं. ॲल्युमिनियमच्या मानाने ते मठ्ठ. "लेथ असतं तर दहा मिनिटांत एक रॉड काढून दिला असता," हे त्यांनी त्या दिवशी तीनदा म्हटलं.

वरच्या निमुळत्या भागात कमी मिश्रण, तो पन्नास मिनिटांत बाहेर. त्याचं टोक अरुंद, तेच आधी सुकतं, म्हणून त्यावर साखरपाण्याचा ब्रश फिरवला. खालच्याला बाबांनी सांगितलेली 80 मिनिटं. या वेळी टूथपिकवर विश्वास नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यात खुपसला. 97. केकचा गाभा शंभराच्या जरा अलीकडे आला की पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगलेला असतो, अंड्यातली प्रथिनं घट्ट झालेली असतात. मग तो केक असतो, त्याआधी ती फक्त आशा असते. बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "ऐंशी मिनिटं झाली?" मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. त्यांनी दोन मिनिटं तशीच जाऊ दिली.

इथवर स्वयंपाक होता. यापुढे जे सुरू झालं त्याला मी नाटक म्हणेन, कारण मोठ्या कपकेकमध्ये कपकेकचं काहीच खरं राहत नाही. छोट्यावरची क्रीमची वेटोळी म्हणजे तीन सेकंदांचा हात. कडेवरून सुरू करायचं, दोन वेढे, वर उचललं की टोक आपोआप येतं. हेच तिप्पट करायचं तर क्रीमच्या पिशवीचं नोझल चार-साडेचार सेंटिमीटरचं लागेल, क्रीम तीस ग्रॅमच्या जागी आठशे, आणि एवढा जाड वेढा पाच मिनिटांत लोळण घेईल. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांवर वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी कणा सोडतं. म्हणून वेटोळी केकमध्येच भाजलेली असतात, क्रीम फक्त त्यांच्यावर घातलेला अंगरखा. पुतळ्याला कापडाच्या चुण्या असतात तशा.

क्लेस ओल्डेनबर्ग नावाच्या शिल्पकाराने 1962 मध्ये जमिनीवर मांडायचा केकचा एक तुकडा केला, जवळजवळ तीन मीटर लांबीचा. कॅनव्हास शिवून, आत फोम आणि पुठ्ठ्याचे खोके भरून, वर रंग देऊन. तो केक आहे हे लांबूनही कळतं आणि खाता येणार नाही हेही. मला त्याचं कौतुक वाटतं ते या प्रामाणिकपणासाठी. मोठं करताना खोटं करावं लागणारच, मग ते मऊ, सैल, उघड खोटं असलेलं काय वाईट. माझी अडचण एवढीच की माझं खोटं खाताही आलं पाहिजे.

क्रीम मी स्विस मेरँगचं केलं, साध्या बटरक्रीमची गोडी एवढ्या प्रमाणात अंगावर येते म्हणून. अंड्याचं पांढरं आणि साखर गरम पाण्यावरच्या भांड्यात ढवळत सत्तर अंशांपर्यंत न्यायचं, मग थंड होईपर्यंत फेटायचं, मग लोणी तुकड्या-तुकड्याने. यात एक वेळ अशी येते की सगळं फाटतं. पांढरीशुभ्र, तकतकीत वस्तू पाणी सोडलेल्या भुग्यासारखी दिसायला लागते. पहिल्यांदा करणारा हमखास तिथे थांबतो आणि ओतून देतो. मीही एकदा ओतून दिलं आहे. या वेळी दात-ओठ खाऊन मशीन चालू ठेवलं. एक मिनिट काही नाही. दोन मिनिटं. मग आवाज बदलला. भांड्यात आपटणाऱ्या गोळ्यांचा टपटप आवाज जाऊन एक जाड, ओढल्यासारखा फर्र असा आवाज, आणि खाली बघितलं तर रेशीम. लोणी थंड होतं, एवढंच. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवावा अशा स्वयंपाकातल्या थोड्या जागा आहेत, ही त्यातली एक.

आणि कागद.

कागदासाठीच तर हा खटाटोप होता. बहुतेक लोक खालच्या भागाला साखरेची फॉन्डंटची पोळी गुंडाळतात. दिसतं बरं. पण कागद सोलता आला पाहिजे. म्हणून चॉकलेटचं कवच. धातूच्या साच्यातून कवच निघेना, तुकडे झाले. तेव्हा कपाटातून तो बिनकण्याचा गुलाबी साचा बाहेर काढला. भाजायला नालायक ठरलेला तो या कामाला मात्र देवासारखा धावून आला. वाकतो, म्हणूनच कवच न मोडता सोलून वेगळा होतो. बाबांनी तो पुन्हा एकदा दाबून पाहिला. या वेळी काही म्हणाले नाहीत.

आमच्या लहानपणीचा कागद फिका गुलाबी होता, म्हणून वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये मी लाल रंगाचे चार थेंब टाकले. हलवलं आणि ते वाळूसारखं रवाळ होऊन चमच्याला गोळा बसलं. रंग पाण्यातला होता. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचे चार थेंब पुरतात. साखर ओली होऊन एकमेकींना चिकटते आणि सगळं आखडतं. तेलात विरघळणारा रंग हवा होता, तो घरात नव्हता. तेव्हा पांढरा तर पांढरा.

चॉकलेट नुसतं वितळवून ओतलं तर ते मऊ, डागाळलेलं, बोटाला लागणारं राहतं. कोकोआ बटर, म्हणजे चॉकलेटमधला स्निग्धांश, सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं आणि आपल्याला हवा असतो त्यातला पाचवा प्रकार. चकाकतो, टक्कन मोडतो, गोठताना किंचित आकसून साच्यापासून स्वतःहून सुटतो. त्यासाठी पांढरं चॉकलेट चाळीसच्या वर न्यायचं, सव्वीस-सत्तावीसपर्यंत उतरवायचं, मग पुन्हा जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीसवर आणायचं. या एकदोन अंशांच्या खेळात बाबांना जेवढा आनंद झाला तेवढा मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. थर्मामीटर त्यांच्या हातात, ब्रश माझ्या. पहिला हात पातळ, चुणीच्या तळापर्यंत. थंड. दुसरा हात कडेला जास्त, कारण तुटते ती कड. "दोन मिलिमीटर," ते म्हणाले. "जास्त झालं तर कागद वाटणार नाही."

एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. केक आणि कवच, दोन्ही एकाच मापाच्या साच्यांतून निघालेले. मग एक दुसऱ्यात शिरणार कसा? केक रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट करून सकाळी दातेरी सुरीने त्याची सगळी चुणी सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर तासून काढावी लागली. म्हणजे तो सुंदर तपकिरी, चुण्याचुण्यांचा थर, ज्यासाठी आम्ही भांडलो होतो, तो मी स्वतःच्या हाताने सोलून वाटीत टाकला. सुरी फिरवताना मला खरोखर वाईट वाटलं. बाबा वाटीतलं एकेक कात्रण उचलून खात होते. मी म्हटलं, बाबा, चेरीला लागणार आहेत ती. त्यांनी वाटी जरा लांब सरकवली. पोचेल इतकीच लांब.

चेरी त्या कात्रणांचीच केली. कुस्करून, चॉकलेट आणि साईत मळून, सहा सेंटिमीटरचा गोळा, वर लाल फॉन्डंट. गोळा बाबांनी वळला आणि व्हर्नियर कॅलिपरने तीन बाजूंनी मोजला. तेवढ्यासाठी माळ्यावरची पेटी उतरवण्यात आली होती.

शेवटी वर भुरभुरायच्या रंगीत दाण्यांनी मात्र घात केला असता. बाजारचे दाणे टाकले आणि दोन पावलं मागे सरून बघितलं, तर समोर मोठा कपकेक नव्हताच, कपकेकच्या आकाराचा एक साधा केक होता. दाणे त्यांच्या मूळ आकाराचे, आणि डोळा त्यांच्याशी तुलना करून बाकी सगळ्याचं माप काढतो. सिनेमात छोट्या प्रतिकृती वापरून वादळात सापडलेलं जहाज दाखवतात तेव्हा हाच घोटाळा होतो. जहाज छोटं करता येतं, पाण्याचे थेंब छोटे होत नाहीत, आणि ते थेंबच चुगली करतात. तेव्हा चिमट्याने एकेक दाणा वेचून काढला आणि फॉन्डंटच्या वळ्या करून दोन-दोन सेंटिमीटरचे पन्नासेक दाणे कापले. ते लावले, आणि अचानक आम्हीच लहान झालो. आई दारातून म्हणाली, "अगंबाई." बाकी तिने काही म्हटलं नाही, आणि तिचं तेवढंच पुरेसं असतं.

संध्याकाळी ताई आली. टेबलावरचं बघून आधी हसली, मग गप्प झाली, मग भोवती एक फेरी मारून आली. मी म्हटलं, तू म्हणाली होतीस, एवढा मोठा, कुणालाही देणार नाही. तिला आठवत नव्हतं. किंवा आठवत असेल. ती म्हणाली, "हा धरायचा कसा?"

धरता येत नाहीच. दीड किलोचा केक, वर क्रीम, खाली कवच, सगळं मिळून तीन किलोंच्या घरात. आई सुरी आणायला उठली. ताईने तिला बसवलं. ओणवं होऊन, दोन्ही हात पाठीमागे बांधून, तिने सरळ वरच्या वेटोळ्याला तोंड लावलं. घास घेतला तेव्हा क्रीम नाकाला, भुवईला, एका बाजूच्या केसांना. मग चेरी उचलून दोन्ही हातांनी धरून खाल्ली, सफरचंदासारखी. कुणालाही दिली नाही.

आणखी तीनचार घास झाले, तशी ती दमून खुर्चीत बसली. अजून कपकेकला म्हणावा तसा ओरखडाही पडला नव्हता. बाबा आत गेले आणि गरम पाण्याचं भांडं, सुरी आणि फडकं घेऊन आले. वरच्या क्रीमवर, ताईच्या दातांच्या खुणा बाजूला ठेवून, त्यांनी अधिक चिन्हाची खूण केली. सुरी बुडवली, पुसली. मग थांबले. आधी कागद सोलायचा असतो.

कवचाच्या काठाला त्यांनी सुरीचं टोक लावून हलकेच पिळलं. टक्क. तळहाताएवढा पांढरा तुकडा, चार चुण्यांचा, केकपासून सुटून त्यांच्या हातात आला. आतल्या बाजूला क्रीम आणि केकचा भुगा चिकटलेला. बाबांनी तो उजेडात धरला, बहुधा जाडी बघत असावेत.

"कागद कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," आम्ही दोघंही म्हणालो.

"मागच्या वेळी तुझा होता," ताई म्हणाली.

"मागच्या वेळी तुझाच होता. आई, सांग हिला."